तिच्या जागी दुसरी

गेल्या महिन्यात ऑफिसात जेवायच्या सुट्टीत शेजारच्या टेबलावरच्या सहकारिणीने मोबाईलवर एक व्हिडिओ लावला. डबे उघडलेले, कुणाची मेथी, कुणाची आदल्या दिवशीची बिर्याणी, आणि मधोमध मोबाईल स्टीलच्या ग्लासाला टेकवून उभा. एका गाजलेल्या सिनेमाबद्दल तुम्हाला ठाऊक नसलेल्या गोष्टी, असा विषय. पहिलीच गोष्ट ही, की त्यातल्या कोळणीच्या भूमिकेसाठी आधी कुणाकुणाचा विचार झाला होता. तीन नट्यांचे फोटो एकामागून एक आले. पहिलीकडे तारखा नव्हत्या. दुसरीला पडद्यावर एवढ्या मोठ्या मुलाची आई व्हायचं नव्हतं. तिसरीने ऐनवेळी माघार घेतली. मग चौथी, जिने ती भूमिका केली आणि जिला बक्षिसं मिळाली. टेबलावरच्या प्रत्येकीने आपलं मत दिलं. तिसरी जास्त शोभली असती, असं दोघींचं म्हणणं पडलं.

मी डब्याचं झाकण लावून उठले. कुणीतरी विचारलं, पित्त झालंय का. मी हो म्हटलं. खरं तर तो मोबाईल उचलून पाण्याच्या पिंपात टाकावा असं वाटत होतं. त्या भूमिकेसाठी जिची पहिल्यांदा निवड झाली, नुसता विचार नव्हे, निवड झाली, ती या तिघींपैकी कुणी नव्हती. ती करंजाला मासळी सुकवणारी बाई होती. तिला मी शोधलं होतं. आणि तिला काढल्याचं सांगायलाही मीच गेले होते.

मी सुकापूरला राहते. नवीन पनवेलमध्ये विम्याच्या एका कार्यालयात नोकरी करते आणि लग्नाच्या आधीपासून हौशी नाटकं करते. स्पर्धेची नाटकं, सोसायटीच्या गणपतीतली नाटकं, जे मिळेल ते. या नाटकांमुळेच त्या सिनेमाच्या पहिल्या दिग्दर्शिकेशी ओळख झाली. हो, दिग्दर्शकही आधी वेगळा होता, म्हणजे वेगळी होती. माझ्याच वयाची, चाळिशी ओलांडलेली, माहितीपट करणारी, बोलायला सरळ. कथा समुद्रावरच्या कुटुंबाची होती आणि तिला मुख्य भूमिकेत अनोळखी चेहरा हवा होता. मेकअप करून झालेली कोळीण मला नको, असं ती पहिल्या भेटीतच म्हणाली. मला पनवेल-उरणची माणसं माहीत होती, बोली कळत होती, म्हणून माणसं शोधायचं काम तिने माझ्यावर टाकलं. मी ऑफिसातून बिनपगारी रजा घेतली. नवऱ्याने विचारलं, हे कशासाठी. मी सांगितलं, एकदा तरी पडद्यावर नाव यावं म्हणून. हे मी इथे मुद्दाम लिहून ठेवते, कारण पुढे मी जे केलं ते या एका वाक्यातून आलं.

पनवेल स्टँडवरून एसटीने उरण, तिथून रिक्षाने करंजा, असे बरेच दिवस गेले. लिलावाच्या वेळी बंदरावर माझ्याकडे बघायला कुणाला सवड नसायची. सिनेमा म्हटलं की तरुण मुली हसायच्या आणि म्हाताऱ्या विचारायच्या, रोज कितीचा पडतो. तिला मी पहिल्यांदा पाहिलं ती दोरीवर बोंबील टांगत होती. पन्नाशीच्या अलीकडची, उंच, खांद्यांनी भरलेली. मी दहा मिनिटं सिनेमाबद्दल सांगत राहिले आणि तिने एकदाही हात थांबवला नाही. शेवटी म्हणाली, तुला उन्हाचं बोलायचं आसंल तं टोपली धर. मी टोपली धरली. दुसऱ्या दिवशीही धरली. मी तिला मावशी म्हणायला लागले, ती मला बाय म्हणायची. चौथ्या दिवशी ती ऑडिशनला यायला तयार झाली, पण जावेला बरोबर आणीन या अटीवर.

बंदराजवळच्या समाजमंदिरात ऑडिशन झाली. एका खुर्चीवर ती, समोर दिग्दर्शिका जमिनीवर मांडी घालून बसलेली. कॅमेरा लावलेला होता, आणि बॅटरीचा भरवसा नव्हता म्हणून मी माझ्या मोबाईलवरही चित्रण करत होते. दिग्दर्शिकेने तिला प्रसंग सांगितला. नवरा मासेमारीला गेलाय, बाकीच्या होड्या परतल्या, त्याची परतली नाही. घरात सगळे कसेबसे दोन घास खाऊन उठलेत, जाऊ भांडी आवरायला लागलीय. तुम्ही तिला काय म्हणाल?

मावशी बराच वेळ काही बोलली नाही. तिची जाऊ कोपऱ्यात बसली होती, तिने मान खाली घातली. मला वाटलं, हिला काही सुचत नाहीये. मी दिग्दर्शिकेला खूण करणार होते, तेवढ्यात मावशी बोलली. आवाज चढवला नाही, रडली नाही. भांडी घासणाऱ्या बाईला सांगावं तसं सांगितलं.

"दर्या जेवला. तो नाय जेवला. ताट झाकून ठेव."

दिग्दर्शिकेच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याच क्षणी माझ्या मनात आलं, सापडली. हे मला आठवतं आणि स्वतःचीच चीड येते. समोर एक बाई काय बोलली, का बोलली, हे मला पडलं नव्हतं. मला माझी सापडलेली कोळीण दिसत होती. बाहेर पडताना मी तिच्यापुढे इंग्रजीतला दोन पानी कागद धरला आणि बोट ठेवून सही कुठे करायची ते दाखवलं. तिने विचारलं, काय लिवलंय? मी म्हटलं, काही नाही मावशी, नेहमीचं असतं. मी तो कागद स्वतः वाचलेला नव्हता.

पुढचे दोन महिने पनवेलमध्ये तळ्याजवळच्या एका भाड्याच्या हॉलमध्ये सराव झाला. मावशी आठवड्यातून तीनदा यायची. सकाळचं काम जावेवर टाकून, धुतलेली साडी नेसून, केसांत अबोलीचा गजरा घालून. पहिल्या आठवड्यात ती खुर्चीच्या कडेला बसायची. तिसऱ्या आठवड्यात ती दिग्दर्शिकेला सांगायला लागली होती की आमच्यात सासू असं बोलत नाय. संवाद लिहिलेले कागद तिला वाचता यायचे, हळूहळू, शब्दावर बोट ठेवून. पाठ मात्र एका ऐकण्यात व्हायचे. एकदा दुपारी डबा खाताना तिने मला सांगितलं की घरी भाकऱ्या थापतानाही ती संवाद म्हणते आणि मुलगा तिला वेड लागलं म्हणतो. हे सांगताना ती इतकी खूश होती की मी तिच्याकडे बघतच राहिले. ऑडिशनमधलं तिचं ते ताटाचं बोलणं दिग्दर्शिकेने तिच्या परवानगीने पटकथेत घातलं होतं. हे तूच बोलणार, असं तिला सांगितलं होतं. ती म्हणाली होती, मी बोलनार आसंल तं घाला.

मग अंधेरीतून बोलावणं आलं. ज्यांचे पैसे सिनेमात लागणार होते त्यांनी ऑडिशन आणि सरावाचं चित्रण बघितलं होतं. बाई अप्रतिम आहे, असं सगळे म्हणाले. त्यानंतर एकाने विचारलं, पण पोस्टरवर कोण? तासभर त्याच प्रश्नाभोवती बोलणं फिरलं. मोठ्या नटीने हो म्हटलं तर सिनेमा मोठा होईल, नाही तर पन्नास माणसं बघतील. दिग्दर्शिकेने ऐकून घेतलं आणि सांगितलं की ही बाई नसेल तर मीही नाही. तिला वाटलं होतं ते थांबतील. आठ दिवसांत दुसरा दिग्दर्शक नेमला गेला.

तिने मला फोन करून विचारलं, तू काय करणार आहेस. मी म्हटलं, बघते. ती म्हणाली, बघण्यासारखं काय आहे यात.  मी काम सोडलं नाही. नव्या दिग्दर्शकाला स्थानिक माणूस हवाच होता, आणि तो माझ्याशी फार चांगला वागला. मला ताई म्हणायचा. माझं नाव श्रेयनामावलीत येईल असं त्याने स्वतःहून सांगितलं.

करंजाला निरोप घेऊन मी गेले. रस्ताभर वाक्यं जुळवत होते. तिथे पोचल्यावर खोटं बोलले. शूटिंग पुढे गेलंय, दिग्दर्शिका बदलली, आता काय होईल सांगता येत नाही, असं काहीतरी. मावशीने हात पुसले आणि विचारलं, मी चुकली काय? मी म्हटलं, नाही, तुमचं काही चुकलं नाही. ती म्हणाली, मंग ठीक हाय. चहा पिऊन जा. मी चहा प्याले. 

एवढ्यावर थांबलं असतं तरी मी स्वतःला कदाचित माफ केलं असतं. महिन्याभराने दिग्दर्शकाने मला बोलावून सांगितलं की मोठ्या नटीला बोली आणि वावर शिकायचा आहे, आणि त्यासाठी त्या बाईपेक्षा कोण चांगलं. मी नाही म्हणू शकले असते. मी पुन्हा करंजाला गेले. या वेळी खरं सांगावं लागलं. मावशी बोंबलांच्या रांगेच्या पलीकडे उभी होती. सगळं ऐकून घेतल्यावर तिने एवढंच विचारलं की ती शिकणारी बाई कोण. मी सांगितलं. तिचे सिनेमे मावशीने पाहिले होते. ती म्हणाली, यील तं येऊ दे. शिकवीन.

नटी चार दिवस आली. तिच्याबद्दल मला वाईट लिहिता येत नाही, आणि याचाही मला राग आहे, कारण एखादी वाईट बाई मिळाली असती तर सगळं सोपं झालं असतं. ती जमिनीवर बसली, वासाने नाक मुरडलं नाही, कोयत्यावर मासळी कापताना बोट चिरलं तर हसली. मावशीला नमस्कार करून जायची. ही भूमिका आधी कुणाची होती हे तिला कुणी सांगितलेलं नव्हतं. मीही सांगितलं नाही. तिसऱ्या दिवशी मेकअप करणाऱ्या माणसाने तिच्या हातांना, मानेला, चेहऱ्याला गडद रंग लावून पाहिला. तो मावशीचा हात शेजारी ठेवून रंग जुळवत होता. थोडा अजून, थोडा अजून, करत. मावशी आपला हात पुढे धरून उभी होती. मग तिने मला हळूच विचारलं, "हिला काली करायची होती तं मी काय वाईट होती?"

 याला आता पाच वर्षं झाली. पोस्टरचं कारण तिच्यासमोर उच्चारायची हिंमत तेव्हाही नव्हती.

सिनेमा आला तेव्हा मी तो पनवेलमध्येच पाहिला, पहिल्या आठवड्यात. मावशीला कुणी बोलावलं नव्हतं, मीही तिला घेऊन गेले नाही. मध्यंतरानंतर तो प्रसंग आला. नटी चुलीपाशी बसलेली, जाऊ ताटं उचलतेय. मला खात्री होती की ते वाक्य आता नसेल. पटकथा पुष्कळ बदलली होती, मी स्वतः तिचे चार खर्डे पाहिले होते आणि त्यांत ते नव्हतं. पण ते आलं. नटीने ते रडत म्हटलं, शेवटचा शब्द ओढून, मागे सारंगी लावून. थिएटरात टाळ्या पडल्या. माझ्या शेजारची बाई डोळे पुसत होती. शेवटी नावं सरकायला लागली तेव्हा लोक उठले होते. मी बसून राहिले. ‘स्थानिक समन्वय’ या शब्दांपुढे माझं नाव आलं आणि गेलं. मावशीचं कुठेच नव्हतं. शिकवणारी म्हणूनही नव्हतं.

त्या वाक्याचं पुढे काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. टी-शर्टवर आलं. हॉटेलवाल्यांनी मच्छी थाळीच्या पाटीवर घातलं. पोरीबाळी रीलमध्ये ते वाक्य लावून भरलेली ताटं दाखवायला लागल्या. एवढं होईपर्यंत मी गप्प होते. दिग्दर्शकाला एकदा फोन केला, मावशीचं नाव कुठेतरी घ्या म्हणून. त्याने शांतपणे सांगितलं की ऑडिशनमध्ये जे बोललं जातं ते निर्मात्यांचं असतं, तसा कागद आहे, आणि ताई, सही तुम्हीच घेतली होती ना. मी फोन ठेवला आणि दिवसभर घरात कुणाशी धड बोलले नाही.

गेल्या महिन्यातल्या त्या व्हिडिओनंतर आठवड्याभराने पनवेलच्या एका सांस्कृतिक मंडळाने दिग्दर्शकाचा सत्कार ठेवला. नाट्यगृह भरलं होतं. मी जाणार नव्हते, पण नाटकाच्या ग्रुपमधल्या सगळ्या निघाल्या होत्या. शाल, श्रीफळ झालं, मुलाखत सुरू झाली. मुलाखतकाराने त्या वाक्याबद्दल विचारलं. दिग्दर्शक वर छताकडे बघून सांगायला लागला की एका संध्याकाळी तो करंजाच्या धक्क्यावर एकटाच बसला होता, समोर पाणी काळं होत होतं, आणि ते वाक्य त्याला जसंच्या तसं ऐकू आलं.

मी उठून उभी राहिले. माइक मागितला नाही, नाटकवाल्या बाईला माइक लागत नाही. मी म्हटलं, ते वाक्य तुम्हाला ऐकू आलं ते ऑडिशनच्या चित्रणातून, तसंच चित्रण माझ्या मोबाईलवरही आहे. ते बोलणारी बाई करंजाला राहते. ही भूमिका तिची होती. तिने दोन महिने सराव केला होता, तुम्ही तिला काढलं, तिच्याकडूनच नटीला शिकवून घेतलं, आणि आता तिचे शब्द धक्क्यावर ऐकू आले म्हणून सांगताय.

 मला वाटलं, आता त्याला काही बोलता येणार नाही. पण तो मुरलेला माणूस होता. म्हणाला की ताईंचा राग मी समजू शकतो, त्यांनी आमच्यासाठी खूप कष्ट घेतले होते. असे शब्द कुणा एकाचे नसतात, ते सगळ्या किनाऱ्याचे असतात, आम्ही फक्त निमित्त. आणि त्या सगळ्या माउलींसाठी आपण टाळ्या वाजवू या, असं म्हणून त्याने स्वतःच टाळ्या वाजवायला सुरुवात केली. लोकांनी वाजवल्या. माझ्या ग्रुपमधल्या बायकांनीही वाजवल्या. मी उभीच होते. एक स्वयंसेवक येऊन नम्रपणे म्हणाला, मॅडम, बसून घ्या, मागच्यांना दिसत नाहीये.

कुणीतरी माझं ते बोलणं मोबाईलवर घेतलं होतं. ते दोन दिवस इकडून तिकडे फिरलं. कुणी मला शूर म्हटलं, कुणी जळकी म्हटलं, काम न मिळालेली बाई म्हटलं. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटत होतं. इतक्या दिवसांनी मी एक धड गोष्ट केली होती. तिसऱ्या दिवशी मावशीच्या जावेचा फोन आला. ये, एवढंच म्हणाली.

मी सकाळची एसटी धरली. मावशी अंगणात जवळा पसरत होती. नेहमीसारखी ये बाय म्हणाली नाही, बस म्हणाली नाही. मी उभी राहिले. जाऊ दारात होती. मी आपली सुरुवात केली, की मावशी, मी तिथे सगळ्यांसमोर तुमच्यासाठी बोलले.

"माज्यासाठी?" ती म्हणाली. "मना इचारलंस?"

मला वाटलं तिला कळलं नसावं. मी समजावायला लागले. तिने हाताने थांबवलं आणि मग जे सांगितलं ते मी तोपर्यंत ऐकलेलं नव्हतं, कारण कधी विचारलंच नव्हतं. तिचा नवरा खरोखरच दर्यावरून परतला नव्हता. मुलगा तेव्हा दोन वर्षांचा होता. बाकीच्या होड्या आल्या, त्याची आली नाही. ते वाक्य ती त्या दिवशी जावेला बोलली होती, याच घरात. पुढचे बारा दिवस ती रोज ताट वाढून झाकून ठेवायची आणि सकाळी सासूच्या नकळत ते धुवायची. हे फक्त त्या दोघी जावांना ठाऊक होतं. मुलाला तिने सांगितलं होतं की बाप आजारपणात गेला, आणि गावातल्यांनीही तिच्या शब्दाखातर ते त्याच्यापुढे कधी काढलं नव्हतं. दर्यावर जाणाऱ्या पोराला दुसरं काय सांगणार, असं ती म्हणाली. आणि दोन दिवसांपूर्वी कुठल्या तरी वाहिनीची माणसं माइक घेऊन बंदरावर आली होती. त्यांनी लिलावात, सगळ्यांच्या देखत, तिच्या मुलाला विचारलं होतं की तुझा बाप बुडाला तेव्हा तुझी आई ताट झाकून ठेवायची हे खरं का. सिनेमा खरा आहे का, हे त्यांना दाखवायचं होतं. बंदरावरच्या कुणा म्हाताऱ्याने त्यांना बाकीचं सांगितलं असावं.

मुलगा दोन दिवस घरी जेवला नव्हता. मित्राकडे जाऊन राहिला होता.

मी म्हटलं, मला माहीत नव्हतं.

"तुला माहीत नव्हतं, कारन तू इचारत नाय," मावशी म्हणाली. तिचा आवाज पहिल्यांदाच चढला. "तवा कागदावर सही घेतलीस, इचारलं नायस. आता उठून बोललीस, इचारलं नायस. तो बी माजं घेऊन गेला, तू बी घेऊन गेलीस. मी बोलनार होती म्हनून मी ते दिलं. दुसरीनं बोलायला नाय दिलं. आनि तुला भांडायला बी नाय दिलं."

जाऊ म्हणाली, असू दे आता. मावशी म्हणाली, कशाला असू दे. मग तिने माझ्यापुढे हात केला. तिला ते चित्रण बघायचं होतं. मला तेव्हा कळलं की तिने स्वतःला कधी पाहिलंच नव्हतं. दिग्दर्शिकेने पाहिलं, अंधेरीतल्या सगळ्यांनी पाहिलं, मी कितीदा तरी पाहिलं.

मी मोबाईल काढून लावून दिला. उन्हात पडदा नीट दिसेना म्हणून तिने पदर डोक्यावरून पुढे ओढून त्याच्या सावलीत तो धरला. मला फक्त आवाज ऐकू येत होता. दिग्दर्शिकेचा प्रश्न, मग ती लांबलचक शांतता, मग ते वाक्य. तिने ते दोनदा लावलं. पदर बाजूला केला तेव्हा तिच्या तोंडावर काही कळण्यासारखं नव्हतं. म्हणाली, बरी दिसत होती मी. मग मोबाईल परत देत म्हणाली, "आता पुसून टाक."

मी तिला सांगायला लागले की हा एकच पुरावा आहे. निर्मात्यांकडचं चित्रण ते कधीच बाहेर काढणार नाहीत. हे असलं तर उद्या कोर्टातसुद्धा जाता येईल, कुणीतरी वकील मिळेल, माझ्या ओळखीचा आहे पनवेलमध्ये. मी बोलत राहिले आणि बोलता बोलता माझ्या लक्षात आलं की मी पुन्हा तेच करतेय. तरी मला राग आला, तिचा राग आला. एवढं सगळं झाल्यावर हातातलं एकमेव शस्त्र ही बाई फेकून द्यायला सांगते याचा. मी तिच्या देखत ते पुसलं. तिने विचारलं, कुठं दुसरीकडं तं नाय ना? एक प्रत घरच्या लॅपटॉपवर होती. मी तसं सांगितलं. ती म्हणाली, ते बी. संध्याकाळी घरी येऊन मी तेही पुसलं आणि जावेला फोन करून तसं कळवलं. मावशी फोनवर आली नाही.

मुलगा चौथ्या दिवशी घरी आला, असं नंतर जावेकडून समजलं. त्याने आईला काही विचारलं की नाही, ते मला माहीत नाही. या वेळी मीही विचारलं नाही.

त्यानंतर आठवड्याभराने पहिल्या दिग्दर्शिकेचा फोन आला. पुष्कळ वर्षांनी. नाट्यगृहातलं माझं बोलणं तिनेही पाहिलं होतं. आधी तिने माझं कौतुक केलं. मग म्हणाली की ती आता एक माहितीपट करतेय, सिनेमांच्या भूमिका ऐनवेळी कशा दुसऱ्यांना दिल्या जातात, ज्यांना काढलं जातं त्या माणसांचं काय होतं, यावर. मावशीची गोष्ट त्याचा कणा असेल. तुझ्याकडचं ऑडिशनचं चित्रण हवंय.

मी सांगितलं की ते मी पुसलं.

 मग ती भडकली. तिने सिनेमा सोडला होता, तेही मावशीसाठी, हे तिने मला दोनदा ऐकवलं. एवढा मोठा पुरावा मी एका बाईच्या सांगण्यावरून घालवला, असं म्हणाली. "ते फक्त तिचं नव्हतं," ती म्हणाली. "ते आपल्या सगळ्यांचं होतं."

हेच वाक्य मी नाट्यगृहात ऐकलं होतं, थोड्या वेगळ्या शब्दांत, आणि तेव्हा त्यावर टाळ्या पडल्या होत्या. तिला हे सांगावंसं वाटलं. तिच्यामुळेच मावशीने पहिल्यांदा तोंड उघडलं होतं, तिचे डोळे तेव्हा खरोखर भरून आले होते, तिने खरोखर काम सोडलं होतं. सगळं खरं होतं. म्हणून ते राहू दिलं. मी एवढंच विचारलं की माहितीपटाबद्दल तू मावशीला विचारलंस का. ती म्हणाली, आधी चित्रण हातात असतं तर तिच्याशी बोलणं सोपं गेलं असतं.

मी फोन ठेवला. तिने परत केला, मी घेतला नाही. दुपारी तिचा लांबलचक मेसेज आला. तो मी अजून उघडलेला नाही.